हिरवी रेघ

तेजोमेघांचे फोटो काढते असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "त्यासाठी कुठे जाता?" लडाख, स्पिती, गेला बाजार वेल्ह्याकडचा एखादा डोंगर, असं काहीतरी उत्तर त्याला हवं असतं. मी कोथरूडमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर जाते. एका अंगाला पाण्याच्या टाक्या, दुसऱ्या अंगाला सोलरची रांग, मधे कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, आणि चहूबाजूंनी वर चढत गेलेला शहराचा राखट उजेड. रात्री दोन वाजताही ढग आले तर त्यांची पोटं उजळलेली दिसतात. सप्तर्षींतले सातही मोजता आले तर ती रात्र चांगली म्हणायची. अशा ठिकाणाहून पाच हजार प्रकाशवर्षांवरचा वायूचा ढग टिपता येतो हे सहसा कुणाला पटत नाही. मोबाइलवर फोटो दाखवला की लोक कौतुक करतात, आणि कौतुक करता करताच 'हा नेटवरचा तर नाही?' असा भाव चेहऱ्यावरून सरकून जातो.

पण टिपता येतो, आणि त्यात चमत्कार काही नाही. सूर्य किंवा घरातला दिवा जसा सगळ्या रंगांत उजळतो, तसा तेजोमेघ उजळत नाही. त्याच्या पोटात नुकतेच जन्मलेले, अतिशय तप्त तारे असतात. त्यांचे अतिनील किरण भोवतालच्या वायूतले इलेक्ट्रॉन उडवून लावतात. हे सुटे इलेक्ट्रॉन पुन्हा कुठल्यातरी अणूला चिकटतात किंवा नुसते जाऊन आदळतात, आणि मग अणू प्रकाश सोडतात, तोही अगदी मोजक्या तरंगलांबींचा. हायड्रोजनचा तांबडा, ६५६.३ नॅनोमीटरचा. ऑक्सिजनचा निळसर हिरवा, ५००.७चा. आणखी दोन-चार. बाकीचा वर्णपट जवळजवळ रिकामा. रस्त्यावरचे एलईडी मात्र निळ्यापासून तांबड्यापर्यंत सगळीकडे थोडं थोडं सांडत असतात. तेव्हा दुर्बीण आणि कॅमेरा यांच्यामधे असा फिल्टर बसवायचा, की जो या दोन रंगांच्या आसपासचे सात-सात नॅनोमीटर तेवढे सोडतो आणि उरलेलं सगळं अडवतो. शहर बहुतेक बाहेर राहतं, तेजोमेघ बहुतेक आत येतो. विसर्जनाच्या रात्री अलका चौकातल्या ढोल-ताशांच्या गदारोळात कुणीतरी एकच सूर धरून सनई वाजवत असावं, आणि आपल्याला नेमका तेवढाच सूर ऐकणारे कान लाभावेत, तसं काहीसं हे आहे.

पूर्वी पुण्याच्या रस्त्यांवर सोडियमचे पिवळे दिवे होते, तेव्हा हे काम सोपं होतं असं जुने लोक सांगतात. सोडियमचा बहुतेक उजेड एकाच पिवळ्या पट्ट्यात असतो, तेवढाच अडवला की झालं. एलईडी आले, वीज वाचली, आणि आमचं पिवळं आकाश पांढरं झालं. वीज वाचली याबद्दल माझी तक्रार नाही. दिव्यांना वरून झाकण का घालत नाहीत, एवढंच मला कळत नाही. विमानांना पुण्यातले रस्ते दाखवायची काही गरज नसते.

उपकरणांबद्दल लोकांना वाटतं त्यापेक्षा दुर्बिणीचं महत्त्व कमी आहे. माझ्या दुर्बिणीचं भिंग ८० मिलिमीटरचं, हौशी लोकांतही लहानच म्हणावं असं. खरा कस लागतो तो माउंटचा, म्हणजे दुर्बीण ज्यावर बसते आणि आकाशाबरोबर फिरते त्या यंत्राचा. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश सेकंदाला पंधरा विकला सरकतं. माझ्या कॅमेऱ्याच्या हिशेबात हे सेकंदाला नऊएक पिक्सेल झाले. आणि मला तीन-तीन मिनिटं तारा एकाच पिक्सेलवर धरून ठेवायचा असतो. त्यासाठी माउंटचा एक आस पृथ्वीच्या आसाला समांतर लागतो, म्हणजे ध्रुवताऱ्याच्या रोखाने.

इथे अक्षांश आडवे येतात. ध्रुवतारा उत्तर गोलार्धातल्या कुठल्याही गावातून त्या गावाच्या अक्षांशाइतक्या उंचीवर दिसतो. लंडनला साडेएकावन्न अंश, पुण्याला साडेअठरा. माउंट बनवणारे बहुधा चाळीस-पन्नास अंशांच्या मुलखातलं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवतात. साडेअठरावर आणलं की यंत्र इतकं वाकतं, की वजनाचा दांडा तिपाईच्या पायावर आपटायला बघतो. शिवाय आमच्या उत्तरेला साडेअठरा अंशांवर ध्रुवतारा नाही, समोरच्या सोसायटीची टाकी आहे. आता कॉम्प्युटर आकाशाचे दोन-तीन फोटो घेतो, त्यांतले तारे नकाशाशी ताडून बघतो आणि आस किती चुकलाय ते सांगतो. ध्रुवतारा न दिसताही ध्रुव सापडतो. मला मात्र टाकीमागे कुठे असेल तो, असा अंदाज करून एकदा तिकडे बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

साडेअठरा अंशांची भरपाईही निसर्गाने केलेली आहे. युरोपातल्या लोकांना जे धनु आणि वृश्चिक क्षितिजाच्या धुरकटात लोळताना दिसतात, ते आपल्याकडे चांगले वर चढतात. आकाशगंगेचा गाभा तिथेच, लगून, ट्रिफिड, ओमेगा हे सगळे तेजोमेघ त्याच भागात. पण ते रात्रभर डोक्यावर असतात ते नेमके जून ते सप्टेंबर, आणि त्या दिवसांत आपण आकाशाकडे वेगळ्याच आशेने बघत असतो. म्हणून इथल्या माणसाने ते एप्रिल-मेच्या पहाटे उरकायचे, किंवा ऑक्टोबरात पश्चिमेला बुडताना घाईने पकडायचे. उरतो हिवाळा, आणि हिवाळ्याचा राजा मृग.

मृगाची आणि महाराष्ट्राची ओळख पावसातून झालेली आहे. जूनच्या सात-आठ तारखेला सूर्य मृगात जातो, 'मृग लागतो', पेरण्यांची घाई सुरू होते. आमच्या इमारतीचे रात्रीचे वॉचमन मामा बीडकडचे, गावी कोरडवाहू जमीन. जानेवारीत एकदा गच्चीचं दार उघडं का म्हणून बघायला वर आले आणि माझ्याबरोबर दोन मिनिटं उभे राहिले. मी बोट दाखवलं: चार कोपऱ्यांवरचे तारे म्हणजे हरणाचे पाय, मधले तीन म्हणजे पोटात रुतलेला बाण, आणि तो खाली लखलखतोय तो बाण मारणारा व्याध.

"ह्योच मिरग?" मामा म्हणाले. "मिरगाच्या टायमाला तर कधी दिसला न्हाई ताई."

"त्या दिवसांत सूर्य त्याच्यापाशी असतो ना मामा. तो दिवसा उगवतो आणि दिवसाच मावळतो."

मामांनी जरा विचार केला. "म्हंजी पाऊस पाडाया त्यानं दिसायची गरज न्हाई," असं म्हणून ते खाली गेले.

बाणाच्या खाली तीन मंद ताऱ्यांची एक छोटी ओळ आहे. गावाकडच्या आकाशात त्यातला मधला तारा टोकदार दिसत नाही, पुसट दिसतो. तोच मृगातला मोठा तेजोमेघ, मेसिएच्या यादीतला एम ४२. अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षं, रुंदी वीस-पंचवीस. त्याच्या मध्यावर चार ताऱ्यांचा एक घट्ट चौकोन आहे, ट्रॅपेझियम, आणि त्यांतला सगळ्यात तेजस्वी तारा जवळजवळ एकट्याने हा सगळा ढग पेटता ठेवतो.

फोटोची रात्र सुरू होते ती फोकसपासून. बाह्तिनोव्ह मास्क नावाची, खाचा पाडलेली एक चकती दुर्बिणीच्या तोंडावर बसवायची. पावेल बाह्तिनोव्ह या रशियन हौशी माणसाने २००५ मध्ये ती शोधली. ती लावून एखाद्या ठळक ताऱ्याकडे, राजन्याकडे म्हणा, दुर्बीण वळवली की पडद्यावर ताऱ्यातून तीन किरणं फुटलेली दिसतात: दोन एकमेकांना फुलीसारखी छेदणारी, आणि तिसरं मधून जाणारं. फोकसचं चाक फिरवलं की फुली जागेवर राहते आणि मधलं किरण इकडून तिकडे सरकतं. ते फुलीच्या बरोबर मध्यावर आलं की फोकस झाला. चाकाला बोट लागल्या लागल्या ते ओलांडून पुढे जातं, मग परत मागे. थंडी वाढली की दुर्बिणीची नळी आकसते आणि फोकस आपोआप हलतो, म्हणून मध्यरात्रीनंतर हे सगळं पुन्हा. या कामात मी कुणाशी बोलत नाही, आणि घरचेही आता तेवढा वेळ फोन करत नाहीत.

मग पहिली फ्रेम. तीन मिनिटांनी पडद्यावर येते ती जवळजवळ काळी, चार-दोन तारे सोडले तर कोरी. सगळी माहिती अंधाराच्या तळाशी असते. तिचा आलेख ताणला की आधी शहराच्या उजेडाचा एक तिरका डाग वर येतो, मग रवाळ खर, एखाद्या उपग्रहाची आरपार रेघ, आणि या सगळ्यात कुठेतरी, असल्यासारखा वाटणारा एक गोल. शृंगाश्व तारकासमूहातला रोझेट तेजोमेघ पहिल्या फ्रेममधे असाच येतो. आकाशात तो पौर्णिमेच्या चंद्राच्या दुपटीहून रुंद आहे, आणि आजच्या पुण्यातून नुसत्या डोळ्यांना त्याचा पत्ता लागत नाही.

पुढचं काम बेरजेचं. अशा पुष्कळ फ्रेम घ्यायच्या आणि कॉम्प्युटरकडून एकावर एक रचायच्या. खर प्रत्येक फ्रेममधे वेगळी पडते, तेजोमेघ प्रत्येकीत त्याच जागी असतो. बेरजेत खर मागे पडते आणि तेजोमेघ पुढे येतो, पण वर्गमुळाच्या हिशेबाने: चौपट वेळ द्याल तर चित्र दुप्पट स्वच्छ होईल. सावकाराचं व्याज उलटं लावल्यासारखा हा व्यवहार आहे हे या छंदात पडण्याआधी कुणी सांगत नाही. शिवाय दुर्बिणीचं झाकण लावून 'डार्क' घ्यायचे, म्हणजे कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष वजा करता येतात. आणि पहाटे आभाळ फटफटलं की दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा सुती पंचा ताणून बांधायचा आणि 'फ्लॅट' घ्यायचे, म्हणजे काचेवरच्या धुळीचे ठिपके भागून काढता येतात. पंचा वडिलांचा आहे. इतका एकसारखा विणलेला कपडा बाजारात आता मिळत नाही.

हबल आणि जेम्स वेब यांनी हेच सगळं किती तरी पट चांगलं टिपून ठेवलेलं असताना हा खटाटोप कशाला, असं विचारणारे भेटतात. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर शोधायला मला इतिहासात जावं लागलं, आणि तो इतिहास माझ्या गच्चीपासून सरळ रेषेत पाच-सहा किलोमीटरवर सापडला.

तेजोमेघाचा पहिला फोटोच मुळी हौशी माणसाचा. हेन्री ड्रेपर हा न्यूयॉर्कचा डॉक्टर. त्याने ३० सप्टेंबर १८८० या दिवशी ११ इंची दुर्बीण एम ४२कडे ५१ मिनिटं रोखून धरली आणि काचेवर तो उमटवला. तीन वर्षांनी लंडनच्या ईलिंग उपनगरात अँड्र्यू एन्स्ली कॉमन याने घरामागच्या बागेत उभारलेल्या ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून त्याच तेजोमेघाचा असा फोटो काढला, की डोळ्याला त्या दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे त्यात उमटले. कॉमनचा पोटापाण्याचा धंदा सांडपाण्याच्या इंजिनियरिंगचा. तोवर लोक डोळा लावून तेजोमेघाची चित्रं काढत, आणि दोघांची चित्रं जुळत नसत. मग ढग बदलला की काढणारा, यावर वाद झडत. डोळा प्रकाश साठवत नाही, क्षणाक्षणाला पाटी पुसतो. काच साठवते.

आता पुण्याकडे. संगमाजवळचं तेव्हाचं 'कॉलेज ऑफ सायन्स', म्हणजे आज सगळे ज्याला सीओईपी म्हणतात ते. तिथे १८८८च्या सुमारास एक वेधशाळा सुरू झाली. भावनगरच्या महाराजांनी पैसे दिले म्हणून नाव महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा. ग्रबने बनवलेली २० इंची आरशाची दुर्बीण, तेव्हाची भारतातली सगळ्यात मोठी. चालवणारे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडून ते मृगातला तेजोमेघ बघत होते, आणि बघत होते नेमकी ती हिरवी रेघ.

त्या रेघेची हकीकत अशी. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाचा प्रकाश पहिल्यांदा लोलकातून पाहिला. इंद्रधनुष्य अपेक्षित होतं, दिसल्या सुट्या रेघा. सगळ्यात ठळक हिरवी. पृथ्वीवरच्या कुठल्याही मूलद्रव्याशी ती जुळेना. पुढे तर तिच्यासाठी 'नेब्युलियम' नावाचं एक नवं मूलद्रव्यच कल्पून झालं. नॉर्मन लॉकियर यांचं मत निराळं. त्यांच्या सिद्धांतानुसार तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे, आणि ही हिरवी रेघ म्हणजे जळत्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची एक कड. लॉकियर म्हणजे सूर्यात हेलियम ओळखणारे आणि 'नेचर' नियतकालिक काढणारे लॉकियर. त्यांचा शब्द वजनदार. पण त्यातून एक तपासता येण्याजोगी गोष्ट निघत होती. पट्ट्याची कड असेल तर ती एका बाजूला विरत जायला हवी. स्वतंत्र रेघ असेल तर दोन्ही बाजूंनी धारदार हवी. नायगमवालांनी पुण्यातून पाहिलं आणि रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या 'मंथली नोटिसेस'मध्ये १८९१ साली छापलं: रेघ धारदार आहे.

एवढंच. रेघ कशाची ते त्यांनी सांगितलं नाही, सांगता येण्यासारखं नव्हतंच. ते कळायला १९२७ साल उजाडावं लागलं. कॅलिफोर्नियात आयरा बोवेन यांनी दाखवलं, की ती साध्या ऑक्सिजनचीच आहे, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या. अशा ऑक्सिजनला हा हिरवा प्रकाश सोडायला सरासरी अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो. आपल्या हवेत एका घनसेंटिमीटरमधे एकावर एकोणीस शून्यं इतके रेणू असतात; इथे अर्धं मिनिट कुणाचा धक्का न लागता थांबणं अशक्य. तेजोमेघात तेवढ्याच जागेत काही शे, काही हजार कण. तिथे सवड आहे. म्हणून प्रयोगशाळेत ती रेघ कुणाला भेटली नव्हती.

नायगमवाला ती रेघ बघत होते त्याच वर्षांत पुण्यात आणखी एक गृहस्थ मृगाच्या मागे लागले होते. टिळकांचं 'ओरायन' १८९३चं. वसंतसंपात मृगात असल्याच्या वैदिक खुणांवरून वेदांचा काळ ठरवणारं. एकाच शहरात एकाच नक्षत्रावर एकाने ग्रंथांतून नजर धरली, दुसऱ्याने आरशातून. पहिला ग्रंथ निदान नावाने सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या माणसाचं नाव पुण्यातल्या रिक्षावाल्यालाच काय, त्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या इंजिनियरांना विचारून बघा. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, दुर्बीण कोडईकनालला गेली.

त्यांच्या त्या तीन शब्दांच्या निष्कर्षावर माझी गच्ची चालते, हे मला पुष्कळ उशिरा लक्षात आलं. रेघ धारदार आहे म्हणूनच सात नॅनोमीटरच्या फटीतून ती सगळीच्या सगळी आत येते. लॉकियर म्हणत होते तसा तो विरत गेलेला पट्टा असता, तर फिल्टरने तेजोमेघाचंही बरंचसं कापलं असतं आणि शहराच्या उजेडातून त्याला वेगळं काढायला काही उपाय उरला नसता. आमच्यात फक्त ही रेघ सोडणाऱ्या फिल्टरला 'ओ-थ्री' म्हणतात, त्याच्या खोक्यावर ५००.७ छापलेलं असतं, आणि तो चीनमधून आठवड्यात घरपोच येतो. नायगमवालांच्या आरशावर पडलेला प्रकाश आणि माझ्या भिंगात येणारा प्रकाश एकाच ठिकाणाहून निघालेले. मधे सव्वाशेहून जास्त वर्षांचं अंतर. दोन्ही निघाले तेव्हा बदामीला चालुक्य राज्य करत होते.

दुर्बिणीला डोळा लावला तर एम ४२ राखाडी दिसतो, फार तर किंचित हिरवट. फोटोत तो तांबडा येतो. मग खरा कुठला, यावर गच्चीवर आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं मत असतं. अंधारात सरावलेला डोळा सगळ्यात संवेदनशील असतो तो ५०७ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ त्या हिरव्या रेघेवरच. पण अंधारात काम करणाऱ्या पेशींना रंग कळत नाही, आणि हायड्रोजनचा तांबडा तर त्यांना दिसतच नाही. खोटं कुणीच बोलत नाही, दोघांचे हिशेब वेगळे. हबलच्या १९९५ सालच्या त्या प्रसिद्ध खांबांच्या चित्रात गंधकाला तांबडा, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा दिलेला आहे. सांगून दिलेला आहे, तेव्हा माझी हरकत नाही. नकाशावर जिल्हे रंगवतात, म्हणून कुणी सातारा गुलाबी आहे असं म्हणत नाही.

माझी हरकत दुसऱ्या गोष्टीला आहे. अलीकडे अशी सॉफ्टवेअर निघाली आहेत, की ज्यांना हजारो चांगले फोटो दाखवून शिकवलेलं असतं. त्यांना तुमची रवाळ फ्रेम द्या, ती गुळगुळीत आणि रेखीव करून देतात. मीही वापरून पाहिली आहेत, दिसायला फारच छान. पण ताणणं वेगळं आणि भरणं वेगळं. आलेख ताणला तर जे आलं होतं तेच मोठं होतं. शिकवलेलं सॉफ्टवेअर, इथे साधारण काय असायला हवं याचा अंदाज करून, तो हलक्या हाताने रंगवून ठेवतं. त्यात माझ्या गच्चीवर आलेलं किती आणि दुसऱ्याच्या फोटोतून उचललेलं किती, हे मला सांगता येणार नसेल तर मी रात्रभर जागून केलं काय?

ही नुसती सोवळ्यातली तक्रार नाही. देवयानी दीर्घिका ही आकाशातली बहुधा सगळ्यात जास्त फोटो निघालेली दीर्घिका. शंभराहून अधिक वर्षं थोरामोठ्या वेधशाळांनी आणि लाखो हौशी लोकांनी ती टिपली. २०२२ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतल्या हौशी लोकांनी, यान सँटी, झेव्हिए स्ट्रॉटनर आणि मार्सेल ड्रेक्सलर यांनी, लहानशा दुर्बिणीला ओ-थ्री फिल्टर लावून तिच्यावर शंभराहून जास्त तास खर्च केले. दीर्घिकेच्या शेजारी एक मोठी, पुसट, हिरवट निळी कमान निघाली. तिच्याकडे त्याआधी कुणाचं लक्ष गेलेलं नव्हतं. मोठ्या दुर्बिणींना एवढं रुंद आकाश एका वेळी दिसत नाही, आणि एकाच रेघेच्या मागे इतका वेळ घालवायला त्यांना परवडतही नाही. आधी अर्थात शंका आली, की फिल्टरमधलं परावर्तन असेल, शहराचा उजेड असेल. मग वेगळ्या ठिकाणांहून, वेगळ्या दुर्बिणींतून पडताळलं, २०२३च्या सुरुवातीला शोध छापून आला. ती कमान नेमकी कशाची, आपल्या आकाशगंगेतली की देवयानीजवळची, यावर वाद चालू आहे. देवयानी कशी दिसते हे ज्याला 'पाठ' आहे अशा सॉफ्टवेअरने ती कमान डाग समजून पुसली असती, आणि पुसल्याचं कुणाला कळलंही नसतं.

हे मी कुणाला हिणवायला सांगत नाही. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून लोकांना आकाश बघायला शिकवते आहे, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला रात्र-रात्रभराचे कार्यक्रम करतं, आणि २०२४ मध्ये पेंचच्या जंगलाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. नवी मुलं या वाटेने येतात. कुणाच्या हाती पहिल्याच महिन्यात छानसं चित्र लागलं आणि त्या ओढीने तो टिकला, तर मला आनंदच आहे. फक्त कच्च्या फ्रेम पुसून टाकू नका, एवढं मी प्रत्येकाला सांगते. डिस्क स्वस्त झाल्या आहेत.

आता मे संपत आला आहे, आणि आमचं दुकान बंद व्हायची वेळ झाली. पावसाळ्यात या छंदाचा खरा शत्रू ढग नव्हे, बुरशी. भिंगांवर एकदा कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी धरली की ती काचेवरचा लेपच खाते. म्हणून दुर्बीण घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, त्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की कढईत भाजून पुन्हा निळ्या करायच्या. कॅमेरा मात्र बाहेर राहतो, कारण डार्क घ्यायला आभाळ लागत नाही. त्याला उणे दहावर थंड करून झाकण लावून कोपऱ्यात ठेवला की बाहेर कोसळत असताना तो आपला अंधाराचे फोटो काढत बसतो.

ऑक्टोबरात हवा धुतलेली असते आणि संध्याकाळी हंस डोक्यावर येतो. त्याच्या पंखाखाली व्हेल तेजोमेघ आहे, हजारो वर्षांपूर्वी फुटलेल्या एका ताऱ्याचं भोवती पसरत चाललेलं कवच, सहा चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर भरेल एवढं रुंद. त्याच्या तंतूंत ऑक्सिजन भरपूर, त्यामुळे हिरवी रेघ तिथे सढळ. माझ्या कॅमेऱ्यात तो एका वेळी मावत नाही, दोन भागांत घ्यावा लागेल, आणि पूर्वेकडच्या भागासाठी जिन्याच्या माथ्यावरचा दिवा आडवा येतो. सोसायटीच्या बैठकीत मी अर्ज दिला होता. साडेअकरानंतर दिवा बंद ठेवायला परवानगी मिळाली आहे, दिवाळीचा आठवडा सोडून.